पालगड आणि बेचाळीस रात्री

कोंकणांत जाणारे प्रवासी बहुधा समुद्राकरितां, देवदर्शनाकरितां किंवा आंब्यांकरितां जातात. एखाद्या पुस्तकाकरितां गांव पाहावयास निघणारे थोडेच. परंतु रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील पालगड हें असें गांव आहे, कीं मराठी वाचकानें तेथें पाऊल टाकण्यापूर्वींच तें निम्में पाहिलेलें असतें. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं येथें झाला, आणि ‘श्यामची आई’ या पुस्तकांतील घर, विहीर व शेजारपाजार यांच्या मागें हेंच गांव उभें आहे.

मुलांस शब्दांची गोडी कशी लागते, हा प्रश्न शिक्षकाच्या धंद्यांत आमच्या पाठीशीं सदैव होता. सेवानिवृत्तीनंतरही त्यानें आमची सोबत सोडली नाहीं. आमचीं नातवंडें पुण्यास सदनिकेंत राहतात व इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातात. तीं मराठी बोलतात. पण मराठी पुस्तक हातीं दिलें कीं दुसऱ्या पानावर थांबतात. म्हणून गेल्या माघांत त्यांस घेऊन आम्ही उभयतां पालगडास गेलों.

कोंकण रेल्वेनें खेड स्थानकावर उतरून पुढें मोटारीनें जावें लागतें. रस्ता वळणावळणाचा. दोहों बाजूंस जांभ्या दगडाचे गडगे व मोहरानें लवलेले आंबे लागतात. पालगडचा किल्लाही गांवाजवळच आहे. चढण्याचें वय आमचें राहिलेलें नसल्यामुळें तो आम्ही खालूनच पाहिला. गुरुजींचें कौलारू घर स्मारक म्हणून जतन केलेलें आहे. घर साधें आहे. पण ज्यानें पुस्तक वाचलें आहे, त्यास उंबरठ्याशीं क्षणभर थांबावेंसें वाटतें.

तेथेंच आठ वर्षांच्या नातवानें विचारलें, “आजोबा, माजघर म्हणजे काय?” शब्द त्यानें वाटेंत आमच्या तोंडून ऐकला होता. आम्ही त्यास सांगितलें, कीं संस्कृतांतील ‘मध्यगृह’ झिजत झिजत ‘माजघर’ झालें. ओटी पुढें, स्वयंपाकघर मागें, आणि मधलें तें माजघर. पुण्याच्या घरीं हाच अर्थ आम्ही शंभर वेळां सांगितला असता, तरी त्याच्या पदरांत कांहीं पडलें नसतें, कारण सदनिकेंत पुढेंमागें असें कांहीं नसतेंच. येथें तो ओटीवरून आंत व आंतून ओटीवर असा तीनदां फिरला, आणि शब्द त्याचा झाला.

लहानपणीं आम्ही अमरकोश पाठ केला. त्यांतील वनौषधिवर्गांत झाडांचीं नांवें ओळीनें म्हणतांना जीभ अडखळत नसे. पण त्यांतलीं कित्येक झाडें आम्ही उभ्या जन्मांत पाहिलीं नाहींत. पाठांतरानें वाणी शुद्ध होते, यांत संशय नाहीं. परंतु गोडी लागण्यास शब्दाबरोबर वस्तु हवी, आणि वस्तूबरोबर कोणाचें तरी सुखदुःख हवें. तें सुखदुःख गोष्ट पुरविते.

‘श्यामची आई’ची रचना या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. गुरुजींनीं हें पुस्तक नाशिकच्या तुरुंगांत ९ फेब्रुवारी १९३३ ला आरंभिलें व १३ फेब्रुवारीस संपविलें. तें १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. पांच दिवसांत लिहिलेलें पुस्तक कोश चाळून लिहितां येत नाहीं. जे शब्द आईच्या तोंडून ऐकून अंगीं मुरलेले असतात, तेच अशा वेळीं लेखणींतून उतरतात. पुस्तकाच्या प्रकरणांस ‘रात्र’ म्हटलें आहे, आणि अशा रात्री बेचाळीस आहेत. आश्रमांत श्याम रोज रात्रीं एक आठवण सांगतो व मंडळी ऐकतात. एका बैठकींत एक रात्र संपते, मुलाचा दम तुटत नाहीं, आणि उद्यांची ओढ मात्र राहते. लहान वाचकास पहिलें मोठें पुस्तक द्यावयाचें, तर याहून चांगला साचा कोणता?

गांवांत एका ओटीवर एक वृद्ध आजी पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावीत बसल्या होत्या. श्यामला पत्रावळ लावतां येत नव्हती व ती शिकावी लागली, ही कथा नातीस ठाऊक होती. ती त्यांच्यापाशीं जाऊन बसली. “टांका बारीक घाल गो बाळा,” असें म्हणत आजींनीं तिच्या हातांत चोय दिली. पहिलें पान फाटलें, दुसरेंही फाटलें. तिसऱ्या खेपेस चार पानें जुळलीं, तेव्हां ‘पत्र’ आणि ‘आवलि’ यांची फोड आम्हांस सांगावी लागली नाहीं. पानांची ओळ तिच्या मांडीवरच होती.

मुक्काम दापोलीस केला. रात्रीं ‘अळणी भाजी’ हें प्रकरण मोठ्यानें वाचलें. आई भाजींत मीठ घालावयास विसरते, आणि तिला वाईट वाटूं नये म्हणून वडील ती निमूटपणें खातात. ‘अळणी’ म्हणजे ‘अलवण’, मिठावांचून, एवढेंच आम्ही सांगितलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं खाणावळींत उपीट पुढें आलें. पहिला घास घेतांच नातू सर्वांस ऐकूं जाईल अशा स्वरानें म्हणाला, “आजी, हें अळणी आहे!” श्यामच्या वडिलांचा धडा त्यास लागला नाहीं, पण शब्द लागला, आम्हीं तूर्त तेवढ्यावर संतोष मानिला.

अशीं पुस्तकें आतां सोपीं करून द्यावीं, जुने शब्द काढून चालू शब्द घालावे, अशी सूचना सुशिक्षित घरांतही ऐकूं येते. मुलांनीं कांहीं तरी वाचावें, हा तिचा हेतु चांगला आहे. पण ‘माजघर’ काढून ‘मधली खोली’ घातली, ‘अळणी’च्या जागीं ‘मीठ नसलेली’ घातलें, तर मुलाच्या हातीं गोष्टीचा सांगाडा येतो. घरें पडलीं, वस्तु मोडींत गेल्या; त्यांचे शब्द राहावयास आतां पुस्तकावांचून दुसरी जागा नाहीं. तेथूनही आपण त्यांस बाहेर काढलें, तर पुढच्या पिढीस ते कोठून मिळावे?

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच, कीं पुस्तक आहे तसें घ्यावें, आणि रोज रात्रीं एकच प्रकरण घरांतील वडील माणसानें मोठ्यानें वाचावें. प्रत्येक शब्दापाशीं थांबूं नये. एका रात्रीं एक शब्द पुरे, आणि त्याची वस्तु मिळाली तर दाखवावी. परीक्षा घेऊं नये. सवड असेल त्यांनीं माघ-फाल्गुनांत, ऊन चढण्यापूर्वीं, मुलांस घेऊन पालगडास अवश्य जावें. पुस्तक बरोबर असूं द्यावें.