पूल ओलांडला की गुन्हेगार

अमेरिकेत गाडीचं लायसन एका राज्याचं असलं की पन्नासही राज्यांत चालतं. पिस्तुलाचं मात्र तसं नाही! पिस्तूल कमरेला किंवा पर्समध्ये लपवून बाळगायचं (त्याला 'कन्सील्ड कॅरी' म्हणतात) तर प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आणि एकाचा परवाना शेजारच्याने मानलाच पाहिजे असं काही नाही.

फरक किती ते बघा. व्हरमाँटमध्ये असा परवानाच नसतो. टेक्सासने सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्यांसाठी परवान्याची सक्ती काढून टाकली. इलिनॉयमध्ये १६ तासांचं ट्रेनिंग लागतं. न्यूयॉर्कमध्ये तर 'मला खास गरज आहे' हे पटवून द्यावं लागायचं. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अट उडवली, तेव्हा राज्याने १८ तासांचं ट्रेनिंग, मुलाखत आणि चारित्र्याची खात्री देणारी चार माणसं अशा नव्या अटी आणल्या. आणि व्हरमाँट-न्यूयॉर्क चक्क शेजारी!

ऐकायला गंमत वाटते. पण २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई पेनसिल्व्हेनियाचा परवाना घेऊन न्यू जर्सीत गेली. पोलिसाने गाडी थांबवल्यावर तिने आपणहून सांगितलं, पर्समध्ये पिस्तूल आहे, हा परवाना. न्यू जर्सीत त्या कागदाला शून्य किंमत. किमान तीन वर्षं तुरुंगात जायची वेळ आली. अखेर खटला टळला आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टींनी तिला माफी दिली.

मग सगळीकडे एकच परवाना का नाही? तसं विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये हाउसने मंजूर केलं, पुढे सेनेटमध्ये अडकलं. मला ते फारसं पटत नाही. पेनसिल्व्हेनियात ट्रेनिंगची अटच नाही. मग न्यूयॉर्कच्या १८ तासांना अर्थ काय उरला? सगळ्यात ढिला नियमच सगळ्या देशाचा नियम होणार.

मला वाटतं, अटी ज्याच्या त्याने ठरवाव्यात, पण प्रामाणिक चुकीला थेट तुरुंग नको. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यू जर्सीच्या अ‍ॅटर्नी जनरलनी सरकारी वकिलांना साधारण हेच सांगितलं: बाहेरच्या राज्याचा परवानाधारक चुकून सापडला, तर बहुतेक वेळा तुरुंगाची गरज नाही. कायदा तोच राहिला, फक्त जरा डोकं वापरायची मुभा मिळाली.

एवढं कळायला एका बाईला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. असो.