उठबस

१२ जून
आईचा ताप गेला, पण पाय गेले. पंधरवडाभर पडून होती. आज खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी जोर लावला, तरी उठता येईना. जो येतो तो एकच सांगतो, “माई, खूप केलंत आयुष्यभर, आता आराम करा.” प्रेमाने सांगतात, पण हा सल्ला घातक आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. दमसास तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढा घटला होता, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांत घटला होता. विशीतल्यांची ही गत, मग आईचं काय?

१५ जून
फिजिओथेरपिस्ट येऊन गेली. यंत्र नाही, पट्टा नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. “आजी, कडेला सरका. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या. आता पुढे वाका, नाक पावलांच्या पुढे गेलं पाहिजे. हं, उठा.” आई उठली! हात मांडीवर होते, पण उठली. खरी कसोटी बसताना. धपकन बसायचं नाही, मांड्यांनी भार धरत सावकाश खाली यायचं. तिसऱ्या वेळी मांड्या थरथरायला लागल्या. मी धरायला पुढे झाले, तर त्या मुलीने मला हातानेच थांबवलं. “थरथरू द्या. काम तिथेच चाललंय.”

२२ जून
पाऊस. आई ओटा धरून टाचा उचलते. कुकरच्या शिट्ट्यांवर मोजते.

३ जुलै
सकाळी पर्वती चढले. सत्तरीपुढची कितीतरी मंडळी पायऱ्या चढत होती, काही जण तर गप्पा मारत. वाटेत मामेभाऊ भेटला. म्हणाला, “रोज चालतो, मला बाकी कशाची गरज नाही.” मला हे पटत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेलशी हालचाल सांगते. शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे. चालणं उत्तमच, पण पडता पडता सावरायला मांडीत बळ लागतं. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या लोकांकडून आठ आठवडे वजनं उचलून घेतली, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. दोघांची काठी सुटली.

१० जुलै
आईला दुपारी पेपर हवा असतो. तापानंतर तिने तो हातात धरला नव्हता. झोप लागते, भाजीवाल्याशी घासाघीस पुन्हा सुरू झाली आहे. औषधं तीच, बदललं ते खुर्चीतलं उठणं-बसणं एवढंच. मेंदूचंही असंच. २०११ च्या एका अभ्यासात उतारवयातली १२० माणसं होती. निम्मी वर्षभर नेमाने चालली, बाकीच्यांनी फक्त ताण देण्याचे हलके व्यायाम केले. चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीशी जोडलेला एक भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, बाकीच्यांचा थोडा आक्रसला.

मावशी म्हणाली, “आमच्या वेळी जातं होतं, विहीर होती, व्यायाम कशाला लागत होता?” तो काळ मला गोड वाटत नाही. त्या कष्टांनी बायकांच्या कंबरा मोडल्या. पोटभर खाऊन, झोप घेऊन, आपल्या मर्जीने घाम गाळणं वेगळं, आणि ते प्रत्येक बाईच्या वाट्याला यायला हवं.

१८ जुलै
आजोबा साताऱ्याकडचे, रोज सूर्यनमस्कार घालायचे. आज आईने त्यांच्या आठवणी काढल्या. त्याच भागातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले आणि स्वतःही म्हातारपणापर्यंत घातले. ते १९५१ साली वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी गेले. लहानपणापासून सवय असेल तर सोनंच. पण आईने आयुष्यात कधी व्यायाम केला नव्हता, आणि ती आज हात छातीशी बांधून खुर्चीतून उठते. स्नायूंना जन्मतारीख कळत नाही.

२१ जुलै
रविवारी भावंडं येणार आहेत. सगळ्यांना आधीच कळवलं आहे: आईला बसल्या जागी चहा नेऊन देऊ नका. पाण्याचा तांब्या तिच्या हातातून काढून घेऊ नका. तिला सावकाश उठू द्या, ओट्यापर्यंत येऊ द्या. वेळ लागेल, तेवढा थांबा.