पत्रकार व्हायचंय, पण पगाराचं काय?

आपल्या वस्तीतलं पोर बी.ए. झालं, की 'पत्रकारितेत एम.ए. करतो' म्हणतं. आनंदच वाटतो. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हापासून लेखणीची ओढ आपल्या समाजात आहेच. पण मी बी.कॉम. झालेला कारकून. जमा-खर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मध्यंतरी इंदापूर तालुक्यातील एक माउली मुलीला घेऊन बारामतीला माझ्याकडे आली. स्वतः खुरपणीला जाते. म्हणाली, "दादा, दोन वर्षं पुण्याला ठेवते पोरीला. पण पुढं पगार किती मिळंल?"

आधी खर्च मांडला. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचाच पत्रकारिता विभाग आहे. वसतिगृहात नंबर लागला नाही, तर पात्र विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून पुण्यात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. म्हणजे महिना ५ हजार. खोली आणि खानावळ एवढ्यात भागत नाही. वरचे पैसे घरातूनच जाणार. म्हणून आम्ही ठरवलं : विद्यापीठात नंबर लागला तर जायचं, खाजगी कॉलेजच्या फीसाठी कर्ज काढायचं नाही.

आता जमेची बाजू. तालुक्याच्या बातमीदाराला बहुधा पगार नसतो, तुटपुंजं मानधन असतं. कमाई होते ती जाहिरातींच्या कमिशनवर. पुढाऱ्याचा वाढदिवस, दिवाळी, निवडणूक. ज्याची जाहिरात आणायची, त्याच्याविरुद्ध लिहायचं कसं? आपल्या वस्तीच्या पाण्याची, स्मशानभूमीच्या वाटेची बातमी इथंच अडते. तेव्हा पत्रकाराचा पगार हा आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे.

कायदा नव्हता असं नाही. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारनं ११ नोव्हेंबर २०११ रोजी जाहीर केल्या. ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. १९ जून २०१७ च्या निकालानं त्या कंत्राटी पत्रकारांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. तरीही थकबाकीसाठी अनेकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. माझ्या ओळखीच्या एका पदवीधर तरुणानं चार वर्षं एका दैनिकाला बातम्या पुरवल्या. नेमणुकीचं पत्र नाही. तो मागणार कशाच्या आधारावर?

दुसऱ्याही वाटा आहेत. शासनाच्या माहिती खात्यात माहिती अधिकारी, उपसंपादक, माहिती सहायक अशी पदं असतात. जागा थोड्या, पण पगार ठरलेला. नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली, तर संशोधन करताना २०२३ पासूनच्या दरानं महिना ३७ हजार रुपये फेलोशिप आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं वसुंधरा वाहिनी हे रेडिओ केंद्र आहे. पुण्याला जाण्याआधी तिथलं काम पाहून यावं.

पालकांनो, कॉलेजच्या फलकावरचा एकाच विद्यार्थ्याचा मोठा पगार बघून भुलू नका. तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या चार-पाच जणांना गाठा. 'नोकरी लागली का?' एवढंच विचारू नका. हातात किती पडतात, दर महिन्याला पडतात का आणि नेमणुकीचं पत्र आहे का, हे विचारा. मग खुशाल प्रवेश घ्या. आपली पोरं पत्रकार व्हायलाच हवीत, पण उपाशीपोटी नव्हेत.