बायकोची बाइक निघाली पाथरीला

परभणीहून मानवतमार्गे पाथरी साधारण ४५ किलोमीटर. साईबाबांचं जन्मस्थान मानलं जाणारं हे गाव. जानेवारी २०२० मध्ये याच दाव्यावरून शिर्डीत बंद पाळला गेला. आम्ही निघालो दर्शनाला आणि टेस्ट राइडलाही! बायकोचं लायसन्स नवंकोरं, मन मात्र हंटर ३५० वर जडलेलं. वजन १८१ किलो. सध्या हातात भावाची स्प्लेंडर प्लस, ११२ किलो. मी मागे, माझ्या गाडीवर.

हिवाळ्यात इथल्या रस्त्यावर राज्य उसाच्या ट्रॅक्टरांचं. मागे दोन-दोन ट्रॉल्या. असाच एक समोरून आला आणि ही कडेच्या काळ्या मातीत उतरली. रात्री अवकाळी पाऊस झालेला. मागचं चाक सरकलं. दोन्ही पाय टेकवून तिने गाडी सावरली. 'पडले नाही हं!' आवाज कापत होता.

मंदिराबाहेर चहा घेताना तिनेच हिशेब मांडला: दोन्ही पाय पूर्ण टेकतील, आडवी झाली तर एकटीला उचलता येईल, तीच पहिली गाडी. हंटर वर्षभराने.

तुम्हीही जोडीदारासाठी बाइक बघताय? मग शोरूममध्ये स्टँड काढून त्यांनाच गाडी ढकलून बघू द्या. निवड त्यांची, शाबासकी तुमची!