चोवीस तासांचा यजमान

मिरज जंक्शनातून बाहेर पडावं, रिक्षावाल्यांची पहिली फळी ओलांडावी, चहाच्या गाड्याला वळसा घालावा, की तो दिसतो. दोन मजले, वर पत्र्याची शेड, पुढच्या अंगाला अरुंद गॅलरी आणि तिच्या कठड्यावर कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल. खाली औषधांचं दुकान, शेजारी खानावळ आणि दोन्हींच्या मधून वर चढणारा चिंचोळा जिना. पाटीवर देवाचं नाव असतं, ते मालकाच्या श्रद्धेप्रमाणे बदलतं. स्वभाव मात्र सगळीकडे तोच. स्टेशनवरचा लॉज एवढीच त्याची ओळख गावाला पुरते.

गाव झोपतं तेव्हा तो जागा असतो. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापूरहून येऊन मुंबईकडे निघून गेली, की त्याच्या चार खोल्या रिकाम्या होतात, चादरी बदलल्या जातात. मुंबईहून निघालेली महालक्ष्मी सकाळच्या पहिल्या प्रहरात आली, की त्याच खोल्या पुन्हा भरतात. पुण्याकडची कोयना, तिरुपतीची हरिप्रिया, बंगळूरची राणी चन्नम्मा यांच्या वेळा त्याच्या मॅनेजरला तोंडपाठ असतात. गाडी दोन तास उशिरा धावत असेल, तर त्याची झोपही दोन तासांनी पुढे सरकते.

तो इथे का आला, हे समजायला मिरजेचे रूळ पाहावे लागतात. एके काळी या जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे मार्ग एकत्र आले होते. पंढरपूर-कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी यायची, दक्षिणेकडून मीटरगेज यायची आणि १९७१ मध्ये पुण्याकडचा मार्ग ब्रॉडगेज झाला. रुळाचं माप बदललं की गाडी बदलायची, आणि गाडी बदलायची म्हणजे थांबायचं. कुणी फलाटावर वळकटी पसरायचा, कुणी चार पैसे देऊन खाट घ्यायचा. आता सगळे मार्ग एकाच मापाचे झाले. बेळगावहून पुण्याला जाणाऱ्याला मिरजेत उतरायचं कारण उरलं नाही. तरी लॉज उरला, कारण मिरजेत उतरायचं दुसरं कारण रुळांपेक्षा चिवट आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं. तेव्हा मिरज पटवर्धनांचं संस्थान होतं. त्या रुग्णालयामागून शिक्षणसंस्था आल्या, पुढे खासगी दवाखाने आले आणि मिरज ही दुखणाइतांची पेठ झाली. बेळगाव, विजापूर, सोलापूर, कोकण अशा चारी दिशांनी माणसं इथे रिपोर्टच्या पिशव्या घेऊन येतात.

म्हणून इथल्या मॅनेजरचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो.

“दवाखान्याला आलाय काय?”

“व्हय काका. आई हाय संगट. गुडघ्याचं दाखवायचंय.”

“मग वरची खोली नको. खालची एक हाय, जरा अंधारी हाय, पण जिना चढाय नको. बघून घ्या आधी.”

पाठोपाठ विजापूरकडचं कुटुंब येतं आणि हाच संवाद कन्नडमध्ये होतो. त्याच्यामागून येणाऱ्याशी उर्दूत. शाळेत कुणी शिकवलेलं नाही, पण काउंटरच्या मागे वर्षं काढलेला माणूस तिन्ही भाषांत ‘आधी खोली बघून घ्या’ म्हणू शकतो. लॉजचा सगळा प्रामाणिकपणा या चार शब्दांत आहे. जो खोली न दाखवता आधी ॲडव्हान्स मागतो, त्याच्याकडे उतरू नये.

त्याच्या स्वभावातली सगळ्यात मोठी खूण म्हणजे त्याचं घड्याळ. चांगल्या हॉटेलांत दुपारी बारा वाजता दिवस संपतो, मग तुम्ही सकाळी अकराला आलेले असा की आदल्या रात्री. स्टेशनवरचा जुन्या वळणाचा लॉज असं मानत नाही. तुम्ही ज्या मिनिटाला रजिस्टरात सही केली, तिथून त्याचे चोवीस तास सुरू होतात. हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण खिशावर तो किती मोठा आहे ते बघा. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेला माणूस भल्या सकाळी मिरजेत उतरतो. आंघोळ करून ओपीडीच्या रांगेत उभा राहतो, दुपारी तपासण्या करतो, संध्याकाळी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना दाखवतो आणि रात्रीच्या महालक्ष्मीने परत निघतो. चोवीस तासांच्या लॉजमध्ये हे सगळं एका भाड्यात बसतं. बारा वाजताच्या हॉटेलात सकाळचे पाच-सहा तास एका दिवसाचे आणि दुपारपासूनचे दुसऱ्या दिवसाचे धरले जातात. म्हणून इथे उतरण्याचा बेत आखताना भाडं विचारण्याआधी एकच प्रश्न विचारावा: चेकआउट बाराचं की चोवीस तासांचं? अलीकडे ॲपवरून खोली घेणाऱ्याने तर हे फोन करून पक्कं करावं, कारण ॲपवर एक नियम असतो आणि काउंटरवर दुसरा.

फोन आदल्या संध्याकाळी करावा आणि वेळेऐवजी गाडीचं नाव सांगावं. ‘पहाटे येतो’ असं म्हटलं तर मॅनेजर पहाटेपासून खोली अडवून ठेवत नाही. ‘महालक्ष्मीने येतो’ म्हटलं की तो ती गाडी कुठे आली आहे ते बघत राहतो. सोबत म्हातारं माणूस असेल, प्लॅस्टरमधला पाय असेल, तान्हं मूल असेल, तर तेही सांगावं. ज्याला अडचण माहीत आहे तो खालची खोली राखून ठेवतो.

खोलीत शिरल्यावर काय पाहायचं, हे इथे वारंवार उतरणारी माणसं कुणाच्या सांगण्याशिवाय करतात. आधी आतली कडी लावून पाहायची. मग नळ सोडायचा, संडासची टाकी ओढायची, पंख्याचा रेग्युलेटर फिरवायचा, खिडकीची जाळी फाटली आहे का बघायचं, उशी उलटी करायची. गरम पाणी कधी मिळतं ते विचारायचं. बहुतेक ठिकाणी ते सकाळी ठरावीक वेळातच सुटतं, आणि सहाला येऊन नऊला दवाखान्यात जाणाऱ्यासाठी ती वेळ माहीत असणं महत्त्वाचं. पुढची खोली घ्यायची की मागची, हाही विचार करावा. पुढच्या खोलीत रिक्षांचे हॉर्न आणि इंजिनाच्या शिट्ट्या रात्रभर येतात. पण स्टेशनवरची घोषणाही ऐकू येते, आणि पहाटेची गाडी पकडायची असेल तर तोच सगळ्यात भरवशाचा गजर. मागच्या खोलीत झोप लागते. ज्याच्या घरचा माणूस अतिदक्षता विभागात आहे आणि ज्याला तीन रात्रींनंतर चार तास झोपायला मिळणार आहेत, त्याने मागचीच खोली मागावी.

ह्या माणसासाठीच लॉज खरा उभा आहे, असं मला वाटतं. रुग्णाला खाट मिळते, सोबतच्याला मिळत नाही. तो व्हरांड्यात सतरंजी टाकतो, बाकावर बसून डुलक्या घेतो, बिस्किटांवर दिवस काढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरून भाऊ येतो, पाळी बदलते आणि हा लॉजवर येतो. बादलीभर गरम पाणी, कडी लागणारं दार आणि कुणी हाक मारणार नाही अशी जागा, एवढंच त्याला हवं असतं. दोघांच्या खोलीत तिघं-चौघं राहतात. मॅनेजर जादा गादी देतो, गादीचे पैसे घेतो, पण ‘इतकी माणसं कशाला’ असं विचारत नाही. कॉमन बाथरूमच्या रांगेत दोन कुटुंबांची ओळख होते. एकाच्या डब्यातली भाकरी दुसऱ्याच्या खोलीत जाते. कुणाचं ऑपरेशन कसं झालं, ते खालच्या खानावळीत सगळ्यांना कळतं.

बाकीचे पाहुणे याच्या अवतीभवती असतात. आषाढीला पंढरपूरच्या गाडीसाठी थांबलेले वारकरी, कंपनीची बॅग घेऊन फिरणारे औषधविक्रेते, भरतीच्या परीक्षेला आलेली मुलं. आणि मिरजेचे म्हणून खास असे वाद्यांचे गिऱ्हाईक. इथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कितीतरी आधीपासून दूरदूरचे वादक मिरजेत येऊन मुक्काम करत आले आहेत, कारण जवारी काढून घ्यायची, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद जुळवून घ्यायचा, तर कारागिराच्या समोर बसावं लागतं, आणि ते एका बैठकीत होईलच असं नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याचा भलामोठा तंबोरा चिंचोळ्या जिन्यावरून वर नेताना मॅनेजर स्वतः पुढे होऊन वळण दाखवतो. गिऱ्हाईक परदेशी असेल तर त्याची नोंद मॅनेजरला चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते. प्रत्येक लॉजची त्यासाठी तयारी नसते. म्हणून परदेशी पाहुण्याने आधी विचारूनच यावं.

लॉजचं रजिस्टर हा त्याचा दुसरा स्वभावविशेष. नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, कामाचं कारण, सही. मुक्कामाच्या जागांचे असे नियम फार जुने आहेत. ब्रिटिश अमलात सरायांसाठी १८६७ मध्ये कायदा झाला. सराई चालवणाऱ्याने तिची नोंद करावी, खोल्या आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, पुरेसे पहारेकरी ठेवावेत, चोरांना आत-बाहेर करता येईल अशा झाडांच्या फांद्या छाटाव्यात, संसर्गाचा रोगी आढळला तर पोलिसांना कळवावं आणि दरांचा तक्ता लावावा, अशी त्यात कलमं होती. परक्या गावात रात्र काढणारा माणूस सुरक्षित असावा आणि त्याची फसवणूक होऊ नये, हा त्यामागचा हेतू. आज आधार कार्डाची झेरॉक्स मागतात. तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं. तशी सोय सरकारनेच केली आहे, आणि आपले कागद कुणाच्या फाइलीत किती वर्षं पडून राहतील हे कुणी सांगू शकत नाही.

या लॉजच्या घराण्यात मोठी नावं आहेत. मुंबईत बोरीबंदरपासून चालत जाण्याच्या अंतरावर, क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृह आहे. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला. दुसऱ्या बाजूला धर्मशाळा. त्यांतल्या कित्येक एकेका जातीच्या, एकेका समाजाच्या होत्या. ज्यांना पंढरपुरातही आसरा मिळत नव्हता त्यांच्यासाठी गाडगे महाराजांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली. आणि मिरजेला आपलं गाव केलेल्या गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांना अखेरच्या प्रवासात खोलीही मिळाली नाही. १९३७ साली दक्षिणेत रेल्वेने जाताना त्यांना अस्वस्थ वाटू लागलं, ते सिंगापेरुमाळकोईल या छोट्या स्थानकावर उतरले आणि तिथल्या फलाटावरच त्यांचा अंत झाला. प्रवासातल्या माणसाला छप्पर लागतं, मग तो कितीही मोठा असो. धर्मशाळेने ते पुण्यासाठी दिलं. लॉजने भाडं घेऊन दिलं आणि त्यामुळे एक गोष्ट साधली: पैसे देणाऱ्याला उपकाराखाली वाकावं लागत नाही आणि त्याची जात विचारायचं कारण उरत नाही.

जिथे हे विचारलं जातं, तिथे लॉज आपल्या धर्माला चुकतो. आडनाव वाचून ‘खोली नाही’ म्हणणारे काउंटर आजही आहेत. एकट्या बाईला रात्री परत पाठवणारेही आहेत. दोन सज्ञान माणसांचं लग्न झालेलं नाही म्हणून त्यांना खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही, तरी तो असल्यासारखं सांगितलं जातं. रात्री अकराला स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या माणसाला नकार देणं हे दुकानदाराने माल नाही म्हणण्याइतकं साधं नाही. त्या माणसाला पुढचे सात तास फलाटावर काढायचे असतात.

आता भाड्याचं. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून तो बारा टक्के लागला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पाच टक्क्यांवर आला. एका रात्रीला ते जाणवत नाही, पण रुग्णासोबत पंधरा दिवस राहणाऱ्याला जाणवतं. अशा माणसाने पहिल्याच दिवशी दिवस सांगून एकत्र भाडं ठरवावं, करासह किती ते विचारावं आणि पावती मागावी. स्टेशनात विश्रांतीकक्ष असेल तर पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर त्याचं आरक्षण करता येतं. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून झोपण्याचे पॉडही आहेत. एकट्या प्रवाशाला ते चांगले. आईचा दुखरा पाय, तीन पिशव्या आणि डबा घेऊन आलेल्या कुटुंबाला मात्र लॉजच लागतो.

म्हणून मिरजेतल्या आणि प्रत्येक मोठ्या स्टेशनाजवळच्या लॉजमालकांकडे माझं मागणं आहे. तळमजल्यावरची निदान एक खोली जिना न चढू शकणाऱ्यासाठी राखा. आणि दारातच एक फलक लावा: भाडं किती, कर किती, गरम पाणी केव्हा, चेकआउट बाराचं की चोवीस तासांचं. १८६७ च्या कायद्यातही दरांचा तक्ता कोणत्या भाषांत असावा हे ठरवण्याची तरतूद होती, म्हणजे वाटसरूला तो वाचता यावा याचा विचार दीडशे वर्षांपूर्वी झाला होता. मिरजेत तो फलक मराठीत हवा आणि कन्नडमध्येही. रात्रभर प्रवास करून, रिपोर्टची पिशवी छातीशी धरून आलेल्या माणसाला आपण कुठे आणि किती पैशांत थांबणार आहोत, हे कुणाला विचारावं न लागता कळलं पाहिजे.