तरीपलीकडचं वेळास

बागमांडल्याच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत चढवली, तेव्हा आत एक टेंपो, चार मोटारसायकली आणि रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या दोन कोळणी होत्या. ही बोट नसती तर सावित्रीच्या खाडीच्या काठाने वर आंबेतच्या पुलापर्यंत जाऊन पुन्हा खाली यावं लागलं असतं. पलीकडे वेसवी, मग बाणकोट, आणि डोंगराला वळसा घातला की मंडणगड तालुक्यातलं वेळास.

हीच खाडी ओलांडून तीनशे वर्षांपूर्वी श्रीवर्धनचा एक देशमुख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या धाकाने पळाला, असं सांगतात. वेळासला त्याचे स्नेही भानू राहत. त्यांना बरोबर घेऊन तो घाट चढला. हा बाळाजी विश्वनाथ भट. 1713 मध्ये तो पेशवा झाला आणि पुढे भानूंच्या घरात फडणिशी आली. नाना फडणवीस त्याच घरातले. पण नाना जन्मले साताऱ्यात, 1742 साली, आणि गेले पुण्यात, 1800 साली. वेळासकडे उरलं ते मूळ गाव म्हणवून घेणं.

बाणकोटचा किल्ला खाडीच्या तोंडाशीच आहे. आंग्र्यांकडून तो इंग्रजांच्या हाती गेला आणि 1756 च्या तहाने त्यांच्याकडेच राहिला. त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. दक्षिण कोकणचा कारभारही काही काळ इथूनच चाले. 1822 मध्ये कचेरी रत्नागिरीला हलली आणि बाणकोटचं महत्त्व ओसरलं. पुढे मुंबईच्या आगबोटी किनाऱ्याला लागू लागल्या. त्या गिरण्यांसाठी माणसं भरभरून घेऊन जात आणि शिमग्याला थोडी परत आणून सोडत. मग एसटी आली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली, पण मंडणगड तालुक्याला तिने शिवलंही नाही.

आमचा मुक्काम एका काकूंकडे होता. त्यांच्या ओटीवर पाच माणसं जेवायला होती, सगळी पाहुणेच. "घरातली माणसं?" मी विचारलं. भात वाढत काकू म्हणाल्या, "एक बोरिवलीत, एक विरारला. गणपतीत या, मग बघा घर कसं भरतं ते."

जनगणना हेच आकड्यात सांगते. 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख 97 हजार होती. 2011 मध्ये ती 16 लाख 15 हजारांवर आली. देशाची माणसं वाढत होती तेव्हा इथली कमी झाली. हजार पुरुषांमागे 1,122 बायका. तेव्हा मुंबई शहरात हजारामागे 832. दोन्ही आकडे एकाच घरातले वाटतात: बाप्ये तिकडे, बाया इकडे.

पहाटे किनाऱ्यावर गेलो. इथे पूर्वी कासवांची अंडी उकरून विकत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावाला हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. ऑलिव्ह रिडले कासवाचं एक घरटं म्हणजे शंभराच्या आसपास अंडी. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात. ती पाहायला पुण्या-मुंबईचे लोक येतात, म्हणून काकूंच्या ओटीवर पंगत बसते. ज्या वाटेने गाव रिकामं झालं, त्याच वाटेने आता चार महिने चूल पेटती राहते.

टोपली उपडी झाली. तळहातात मावतील एवढी पिल्लं वाळू तुडवत पाण्याकडे निघाली. राखणदार म्हणाला, "यातल्या जगल्या-वाचलेल्या माद्या मोठ्या झाल्या की अंडी घालायला याच किनाऱ्याला येतील. नर मात्र एकदा गेला की पुन्हा जमिनीला पाय लावत नाही."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. पहिल्या एसटीची वेळ झाली होती. कुणाच्या तरी हाती मुंबईला द्यायची कोकमांची पिशवी घेऊन त्या थांब्याकडे निघाल्या.