गाठ न मारता

गळाच्या काठीला, म्हणजे आजच्या भाषेत फिशिंग रॉडला, दोरी ओवायच्या लहान-लहान कड्या असतात. त्या कड्या खिळ्याने ठोकत नाहीत की डागही देत नाहीत. कडीचा चपटा पाय काठीवर टेकवायचा आणि त्यावरून बारीक दोऱ्याचे वेढे द्यायचे, एकाला एक लागून. एका कडीला शंभराहून जास्त वेढे सहज होतात. एवढ्या दोऱ्यात गाठ मात्र एकही नसते. सुरुवातीचं टोक पुढच्या वेढ्यांखाली दाबलं जातं आणि शेवटचं टोक मागच्या वेढ्यांच्या पोटातून ओढून घेतात. मासा झटका देतो तेव्हा कड्यांना धरून ठेवायचं काम हे वेढेच करतात.

हे सगळं मला माझ्या धाकट्या भावामुळे कळलं. तो पंधरा वर्षं दम्मामला होता. गेला तेव्हा त्याची मुलगी दीड वर्षाची होती, आता ती अकरावीत आहे. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी, एवढाच त्यांचा सहवास. त्याच्या कंपनीने काम बंद केलं आणि शेवटच्या चार महिन्यांचा पगार न देताच माणसं परत पाठवली. तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. तो आला तेव्हा दोन बॅगा होत्या आणि कापडात गुंडाळलेला दोन तुकड्यांचा फायबरचा रॉड. जुम्म्याच्या सुट्टीला तो तिथे समुद्रावर गळ टाकून बसायचा. हमूर, शेरी असे मासे खोलीवरच्या सगळ्यांना पुरायचे. प्रवासात रॉडच्या तीन कड्या निखळल्या होत्या.

आखातातून परतलेल्या माणसाला आमच्या मोहल्ल्यात एकच प्रश्न विचारतात, "वापस कब जाना?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्याला जायला जागाच उरली नाही, त्याने काय सांगायचं? भाऊ हसून गप्प बसायचा. पुढे त्याने मशिदीतून लवकर निघायला सुरुवात केली. घरातही तो पाहुण्यासारखा वागायचा. पाणी हवं असलं तरी मागायचा नाही, स्वतः उठून घ्यायचा. मुलगी समोर आली की "अभ्यास कैसा चल रा?" विचारायचा. ती "अच्छा है अब्बू" म्हणायची आणि बोलणं संपायचं.

त्या रॉडला हात लावायचं त्यानेच ठरवलं. आपल्या भागात पाणी कमी नाही. पूर्णेवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं आहेत, पैनगंगेवर इसापूर आहे, हिंगोली शहराला लागून कयाधू वाहते. धरणांतली मासेमारी भोई समाजाच्या सहकारी संस्था करतात, त्यांची जाळी आणि होड्या असतात. काठावर गळ टाकून बसणारे हौशी वेगळे. रोहू, कटला, मरळ, नशीब असेल तर वाम. भावाला तिथे जायचं होतं, आणि त्याआधी कड्या बांधायच्या होत्या.

कड्या ऑनलाइन मागवल्या. दोरा नायलॉनचा घेतला, कारण सुती दोऱ्याला बारीक लव सुटते. कडीच्या पायाचं टोक त्याने कानशीने उतरतं केलं, म्हणजे दोरा काठीवरून पायावर चढताना अडत नाही आणि मध्ये फट पडत नाही. बांधताना दोरा काठीभोवती फिरवत नाहीत, काठीच फिरवतात. दोरा मात्र सारखा ताणलेला हवा. कारागिरांकडे त्यासाठी वेगळं यंत्र असतं. भावाने साधी युक्ती सांगितली. रीळ वाटीत ठेवायचं आणि दोरा जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून काढायचा. पानांचा दाब दोऱ्याला हवा तेवढा ताण देतो.

जाड पुस्तक म्हणून माझी फिरोजुल लुगात निघाली. मी उर्दूच्या मुलांना मराठी शिकवतो, त्यामुळे ही डिक्शनरी रोजच्या वापरातली. भाऊ म्हणाला, "किताब है भाईजान, ऐसा नक्को." मी म्हणालो, वर्षानुवर्षं शब्द देते आहे, आज थोडा ताण देईल.

तेव्हा मला एक शब्द आठवला. फार्सीतल्या 'शस्त'चे अर्थ बघा. अंगठा, तिरंदाज अंगठ्यात घालतो ती अंगठी, आणि मासे धरायचा गळ. तिरंदाजीतूनच नेम हा अर्थ आला. उर्दूत 'शिस्त बांधना' म्हणजे नेम धरणे. हाच शब्द मराठीत आला आणि नेमाच्या सरळ रेषेवरून वळण, टापटीप, शिस्त झाला. शाळेच्या भिंतीवर आपण 'शिस्त पाळा' लिहितो. त्या शब्दाचा एक सख्खा नातेवाईक पाण्यात गळ होऊन बसला आहे, हे भिंतीला ठाऊक नसतं.

वेढा संपवणं ही खरी कसोटी. शेवटचे सात-आठ वेढे उरले की दोऱ्याच्या दुसऱ्या तुकड्याचा फासा करून तो काठीवर आडवा ठेवायचा आणि उरलेले वेढे त्याच्यावरून घ्यायचे. मग मुख्य दोरा बोटाने दाबून कापायचा, त्याचं टोक फाशात घालायचं आणि फाशाची मोकळी टोकं मागून ओढायची. फासा टोकाला घेऊन वेढ्यांच्या खाली शिरतो. उरलेला शेपटा ब्लेडने कापला की आत-बाहेर काही दिसत नाही. गाठ मारली असती तर तिथे उंचवटा राहिला असता. सोन्याचे मणी दोऱ्यात गाठवणारे पटवेकरी गोंड्याच्या वर रेशमाचे वेढे देतात, त्यांचंही टोक शोधून सापडत नाही.

हे काम परदेशातून आलेलं वाटतं, पण त्यात आपलाही हात आहे. फायबर यायच्या आधी उत्तम रॉड बांबूचे असत. बांबू उभा चिरून सहा पट्ट्या काढायच्या, त्या चिकटवून षटकोनी काठी करायची आणि रेशमी दोऱ्याने बांधून वर वार्निश द्यायचं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत त्यासाठी 'कलकत्ता केन' नावाने भारतातला बांबू जात असे. हा बहुधा भरीव जातीचा बांबू, ज्याला आपल्याकडे मानवेल म्हणतात. पुढे चीनमधला टोंकिन बांबू त्याच्या जागी आला. मद्रास इलाख्यातला इंग्रज अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याने तर 1873 मध्ये भारतातल्या गळाच्या मासेमारीवर 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तकच काढलं.

वेढे झाले तरी काम अर्धंच असतं. नुसता दोरा घासून तुटतो, पाण्याने सैल पडतो. त्यावर इपॉक्सी रेझिनचा पारदर्शक थर द्यावा लागतो. इथे पुतणी पुढे आली. ती रेझिन आर्ट करते. निकाहच्या तबकांवर नावं, वाळलेल्या गुलाबपाकळ्यांच्या फ्रेमा, अशा ऑर्डरी तिला मोबाइलवर येतात. बापाला हे ऐकून माहीत होतं, तिला करताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

आता शिकवणारी ती झाली. "अब्बू, दोनों बाटलियों का माप बराबर होना. अंदाजा नक्को." मापात चूक झाली तर रेझिन कधीच नीट कडक होत नाही, चिकट राहतं. ढवळायचं हळू, कडेचं खरवडून घेत, नाहीतर बुडबुडे होतात. मिसळलं की पसरट ताटलीत ओतायचं. कपात साठून राहिलं तर ते स्वतःच तापतं आणि लवकर घट्ट होतं. पंखा बंद, दारं बंद, धूळ नको. तिने आधी एका काडीवर दोरा गुंडाळून नमुना करायला लावला, ते बरं झालं. हिरवा दोरा रेझिन पिऊन जवळजवळ काळा दिसू लागला. नायलॉनचं असंच होतं. रंग राखायचा असेल तर आधी रंगरक्षक द्रावण लावावं लागतं. भाऊ नमुना उजेडात धरून म्हणाला, "यहीच अच्छा है."

ब्रशने थर दिल्यावर काठी सतत फिरती ठेवावी लागते. थांबली की रेझिन खाली ओघळून एका बाजूला फुगतं. भावाने जुन्या कूलरच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटार काढून तिला काठी जोडली. मिनिटाला चार-पाच फेरे, तेवढे पुरतात. रात्री नऊला थर दिला आणि सव्वा नऊला लाइट गेली.

मग काठी हाताने फिरवणं आलं. दर दोन मिनिटांनी अर्धा फेरा. मोबाइलच्या उजेडात दोघं समोरासमोर बसले, दोन्ही टोकांना एकेक. मी ओसरीवर होतो. आधी नुसते आकडे ऐकू येत होते, "हो गए दो मिनट." मग तिने विचारलं, तिकडे खोलीत किती जण राहायचे? आठ. स्वयंपाक कोण करायचं? पाळीपाळीने. पाचवीत तिला टायफॉइड झाला तेव्हा फोन का उचलला नाही? यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, साइटवर मोबाइल नेऊ देत नव्हते, रात्री चाळीस मिस्ड कॉल बघून तो जिन्यात बसून राहिला होता. हे त्याने आम्हाला कोणाला सांगितलं नव्हतं. "दो मिनट हो गए अब्बू," ती म्हणाली, आणि काठी फिरली. लाइट बाराच्या पुढे आली.

एका मित्राने मला विचारलं, ही शौकाची शिकार तुमच्यात चालते का? पाण्यातली शिकार आणि तिचं खाणं सूरह माइदाने हलाल ठरवलं आहे, एहरामच्या अवस्थेतसुद्धा. माशाला जबह करण्याचीही अट नाही. पण नुसत्या करमणुकीसाठी जीव घेणं आपल्याकडे नापसंत आहे. भाऊ म्हणतो, जेवढं शिजेल तेवढंच धरायचं, आणि काठी पक्की हवी. काठी मोडली तर मासा तोंडात गळ घेऊन जातो आणि तडफडून मरतो. चांगलं बांधणं ही माशाप्रतीची जबाबदारी आहे, असं मला तोपर्यंत वाटलं नव्हतं.

रेझिन रात्रीत हाताला लागेनासं झालं, तरी पुतणीने आठवडाभर रॉडला पाणी लागू दिलं नाही. नंतर सिद्धेश्वरच्या काठावर दोन रोहू मिळाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काठावरच्या दोघा-तिघांनी वेढे बघितले आणि आपापले मोडके रॉड घरी आणून दिले. बांधतो भाऊ, रेझिन पुतणी लावते. एका कडीचे किती घ्यायचे यावर दोघांचं अजून एकमत नाही. ती म्हणते मटेरियलचा हिशोब लावा, तो म्हणतो गरीब माणसं आहेत. यातून घर चालणार नाही हे दोघांनाही कळतं. तो काम शोधतो आहे.

परवा इशाच्या नमाजनंतर कोणीतरी पुन्हा विचारलं, वापस कब जाना? तो चप्पल घालता घालता म्हणाला, "अब्बी कां? चार रॉडां पड़े हैं घर में."